बिनगणिताची शाळा

फोन आला तेव्हा मी खंडाळ्याला लेकीकडं होते. तिच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून आठवडाभरासाठी गेले होते. दुपारची जेवणं उरकून मी ओटा पुसत होते. फोन माझ्या मोठ्या दिरांचा. फौजेतून सुभेदार होऊन आले तेव्हापासून घरात आणि गावात त्यांना सगळे सुभेदारच म्हणतात. फोनवर बोलायची त्यांना सवय नाही. "मंगल, शालन दहिवडीच्या स्टँडवर पडली. डॉक्टर म्हणत्यात, जागेवरच संपलं," एवढंच म्हणाले आणि पुढं काही बोलेचनात. मी नुसती हॅलो हॅलो करत राहिले... लेक म्हणाली, "अगं, पण मोठी आई एवढ्या उन्हात दहिवडीला कशाला गेली?" गाडीत बसल्यावर जावयांनीही तेच विचारलं. सातारा गेलं, कराड गेलं, कडेगाव आलं, दारात मांडव घालायला आलेल्या माणसांनीही तेच विचारलं. कडेगावची साठी उलटलेली, हृदयाच्या गोळ्या चालू असलेली बाई, कुणाला न सांगता, माण तालुक्यातल्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात एकटी का गेली, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण त्या वेळी सांगून उपयोग काय होता?

आता दीड महिना होत आला आहे. गावात नाही नाही ते बोललं जातंय आणि त्या बोलण्याची झळ गेलेल्या बाईला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी लागते आहे. म्हणून पेपरच्या पुरवणीसाठी लिहायला बसले. मी काही लेखिका नाही. घरात भांडताना माझं तोंड चालतं, कागदावर चालेल की नाही ठाऊक नाही.

शालन ही माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणायचे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती नवऱ्याबरोबर छावण्यांमधून फिरत होती. वर्षातून एकदा रजेला यायची ती लोखंडी ट्रंक आणि अर्धीमुर्धी हिंदी घेऊन. आमच्या म्हशीला "अरी चल, हट" म्हणायची आणि म्हैस तिच्याकडं बघत उभी राहायची. सासूबाई म्हणायच्या, "तिला मराठीत सांग गं बया, ती काय पलटणीतली हाय व्हय?" आम्ही हसायचो. पण या बाईचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं, तेही विसरलेलं, हे मला फार उशिरा कळलं. लग्नानंतर उत्तरेतल्या एका छावणीत गेली तेव्हा तिला दुकानावरची पाटी वाचता येत नव्हती. तिथं मे महिन्यात साहेब लोकांच्या बायका जवानांच्या मुलांसाठी फुकट वर्ग चालवायच्या. गाणी, चित्रं, अक्षरं, खेळ. अक्का मुलाला सोडायला जायची आणि उन्हात परत कुठं जायचं म्हणून मागं भिंतीला टेकून बसायची. पोरगं रंगकाम करत बसलं आणि आई वाचायला शिकली. दोन-तीन उन्हाळ्यांत ती मराठीही वाचायला लागली आणि हिंदीही. "मंगल, शाळंनं मला काय दिलं न्हाई," ती म्हणायची, "मला उन्हाळ्यानं शिकवलं."

सुभेदार निवृत्त होऊन घरी आले आणि अक्काच्या डोक्यात तो उन्हाळा तसाच होता. आमच्या कडेगाव भागात उसाची शेती. ऊस निघाला की रानं मोकळी होतात, आणि पाऊस पडायच्या आधी माणातले धनगर मेंढरं घेऊन येतात. रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं आपल्या रानात बसवायची. त्यांच्या लेंडीखताचं सोनं होतं. त्या बदल्यात त्यांना धान्य द्यायचं ही जुनी रीत. मेंढरांबरोबर घोडी असतात, कोंबड्या असतात, बायका असतात, आणि पोरं असतात. वर्षातला बराच काळ ही पोरं चालत असतात. गावच्या शाळेत त्यांचं नाव असतं, पण ती नसतात. आमच्या शिवारात मात्र ती बरेच दिवस टिकून राहतात, आणि नेमक्या तेव्हाच जगातल्या सगळ्या शाळांना सुट्टी असते. हे सगळ्यांना दिसत होतं. त्याचं काहीतरी करावं असं फक्त अक्काला वाटलं.

तिनं पहिल्या वर्षी म्हाळूला गाठलं. म्हाळू म्हणजे आमच्या रानात दरवर्षी मेंढरं बसवणारा. डोक्याला लाल पटका, बोलणं कमी. अक्का म्हणाली, "तुमची पोरं दुपारची माझ्याकडं बसू द्या. लिहाय-वाचाय शिकवते. पैसा नको, काय नको." म्हाळूनं आधी सुभेदारांकडं बघितलं, मग घोडीकडं. "फुकाट?" तो म्हणाला. "आवं बाई, फुकाट इख बी कोण देत न्हाई." तेव्हा अक्कानं सरळ सांगितलं, आमच्या रानात मेंढरं बसणार असतील तर पोरंही बसतील, नाहीतर दुसरं रान बघा. सुभेदार कपाळाला हात लावून आत गेले. खत जातंय का राहतंय याची त्यांना काळजी. गावानं नावं ठेवायची ती ठेवलीच. फौजीची बायको, त्यामुळं लष्कराच्या भाकऱ्या भाजणारच, असं आमच्या शेजारणी म्हणायच्या. मीही म्हणायचे. त्यावर अक्का नुसती हसायची आणि माझ्याच चुलीवरचा चहा त्या पोरांसाठी घेऊन जायची.

विहिरीवर मोटारीची खोली आहे, तिच्या सावलीत वर्ग भरायचा. पोरं बुजरी. नाव विचारलं की मान खाली. अक्कानं आधी अक्षरं शिकवलीच नाहीत. आधी मोठ्यानं बोलायला शिकवलं. प्रत्येकानं बांधावर उभं राहायचं आणि पलीकडच्या बांधावर ऐकू जाईल असं आपलं नाव, आईचं नाव, गावाचं नाव सांगायचं. कुणी अंगाला हात लावला तर कसं ओरडायचं, हेही तिनं असंच बांधावर उभं करून शिकवलं. पोरींना खास. दुकानात एकटीनं जाऊन साबण मागून आणायचा, एसटीच्या कंडक्टरला गाडी कुठं जाते ते विचारायचं. पोरी परत यायच्या त्या लढाई जिंकून आल्यासारख्या. अक्षरांची वेळ आली तेव्हा तिनं पुस्तक काढलं नाही. पोरांना विचारलं, तुमच्या मेंढरांची नावं काय? काजळी, चांदी, गवळण... एकेक नाव कोळशानं खोलीच्या भिंतीवर लिहिलं. ज्याचं मेंढरू त्यानं नाव वाचायचं. म्हाळूची मुलगी सगळ्यांत आधी वाचायला लागली. तिला आपण माया म्हणू. तिचं काय, तिच्या आईबापाचंही खरं नाव इथं लिहिणं बरोबर नाही.

माया तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. केस पिंजारलेले, नाक शेंबडं, आणि आवाज असा की बांधावर उभी राहून नाव सांगायला लागली की आमच्या घरापर्यंत यायचा. मला म्हणायची, "आवं काकी, तुमच्या चा मदी साकर कमी हाय." मला अशी पोरं आवडतात, खोटं कशाला सांगू. अक्काचा तर तिच्यात जीव गुंतला. दुसऱ्या उन्हाळ्यात माया आली ती भिंतीवरची सगळी नावं पुसट झालेली असतानाही वाचत आली. अक्कानं तिला घरी आणून माझ्यापुढं उभं केलं आणि तिच्याकडून मिठाच्या पिशवीवरची सगळी अक्षरं वाचून घेतली. पोरगी वाचत होती आणि अक्का तिच्या तोंडाकडं बघत होती. स्वतःच्या मुलाच्या निकालाला मी तिचा असा चेहरा बघितला नव्हता.

वाचायला येतंय म्हटल्यावर अक्कानं अंक काढले. खडे मोजायचे, बाभळीच्या शेंगा मोजायच्या, कोंबड्या मोजायच्या. आणि मायाला जिची हौस ती गोष्ट ती घरी जाऊन करणारच. संध्याकाळी मेंढरं चरून परत आली तेव्हा ती बांधावर उभी राहिली आणि बोट दाखवत, शिकवलेल्या मोठ्या आवाजात, कळप मोजायला लागली. तिच्या आजीनं धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. धनगरांत मेंढरं मोजत नाहीत. आपल्याकडंही भाकरी मोजू नये म्हणतात, तसंच. मोजलं की नजर लागते. त्यांना मोजायची गरजही नसते. कळप नुसता बघितला तरी त्यांना कळतं. दुसऱ्या दिवशी म्हातारी अक्काकडं आली. चांगल्या शब्दांत बोलली. "बाय, तुजं उपकार हायती. पर लक्षुमी मोजत न्हाईत गं. आमी बगून वळखतो. एक जरी मागं ऱ्हायलं तरी डोळा सांगतुय." अक्कानं ऐकून घेतलं आणि हसून सोडून दिलं. मला म्हणाली, "मंगल, मोजाय आलं तर उद्या बाजारात कोण फसवणार न्हाई त्यांना. भीती काय, घालवली की जाती."

अक्काची भीती घालवायची पद्धत फौजी होती. वर्ग संपायच्या दिवशी ती समारोप करायची. पोरांची गाणी, नाच, खाऊ. गावातली चार माणसं, धनगरांची सगळी बिऱ्हाडं. त्या वर्षी तिनं ठरवलं की मायानं सगळ्यांदेखत कळप मोजायचा. आजी आली नव्हती. म्हाळूला ते पटलं नव्हतं, पण सुभेदारांच्या बायकोला भर माणसांत नाही कसं म्हणायचं, म्हणून गप्प राहिला. वाघरीचं तोंड थोडं उघडलं, मेंढरं एकेक करून बाहेर पडायला लागली आणि माया मोजायला लागली. एकदाही अडखळली नाही. शेवटचं कोकरू बाहेर पडलं तेव्हा टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या अक्काच्या. मायाची आई, ठकू, तिनं मात्र टाळी वाजवली नाही. ती पदराचं टोक दातात धरून उभी होती... ते मला अजून दिसतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी कळप हलला. वाटेत शिवाराबाहेर एक ज्वारीचं रान होतं, काढणी झालेलं, बुडख्यांना हिरवे फुटवे आलेले. पाण्याविना खुरटलेल्या अशा फुटव्यांत कधी कधी विष उतरतं. आमच्याकडं त्याला किरळ लागणं म्हणतात. धनगरांना ते माहीत नसतं का? आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. पण पुढं असलेली दोन पोरं रस्त्यावरच्या ट्रॅक्टरला घोडी बुजली म्हणून तिला सावरत राहिली, तेवढ्यात कळप रानात शिरला. निरोप आला तेव्हा आम्ही सगळे गेलो. मेंढरं पाय झाडत होती, पोटं फुगलेली, तोंडाला फेस. गुरांचा डॉक्टर आला, त्यानं जमेल तेवढ्यांना सुया दिल्या. किती वाचली, किती गेली... नाही, ते मी लिहिणार नाही. बांधाच्या कडेनं ती मेंढरं पडली होती आणि माया त्यांच्यामधून फिरत एकेकीचं नाव घेत होती. काजळी. चांदी. मग आजीनं तिचा दंड धरला आणि तिला घोड्यांच्या मागं नेलं.

सुभेदार म्हाळूजवळ बसले. म्हणाले, "कावळा बसाय आन फांदी मोडाय एक गाठ पडली, म्हाळू. ज्वारीनं झालं. पोरीचा काय दोष?" म्हाळूनं पडलेल्या मेंढरांकडं बघितलं. मग म्हणाला, "व्हय सुभेदार. ज्वारीनंच. इख कशात असतंय ते आमाला म्हाईत न्हाई व्हय? अशी रानं वाटंला लय लागत्यात. पर मोजल्यावरच का म्हून?" आणि पुढं, "फांदी मोडली खरी. पर फांदीखाली आमीच हुतो न्हवं." सुभेदारांनी खिशातली तंबाखू त्याच्यापुढं धरली, त्यानं ती घेतली. अक्का तोंडात मारल्यासारखी उभी होती. आजीनं मायाच्या ओठांना भंडारा लावला होता आणि देवाच्या टाकापुढं तिच्याकडून वदवून घेतलं होतं की पुन्हा मोजणार नाही, पुन्हा त्या बाईकडं जाणार नाही. पिवळ्या ओठांची ती पोरगी अक्काकडं बघत होती. अक्का पुढं झाली तशी ठकू मध्ये आली. "आता ऱ्हाऊ द्या अक्का," ती म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी म्हाळू आमच्या रानात आला नाही, पण दुसरी बिऱ्हाडं आली. मला वाटलं, अक्का आता हे खूळ सोडेल. सोडलं नाही, पण त्या वर्षापासून तिच्या वर्गात मोजणं बंद झालं. एक, दोन, तीन हे शब्दच नाहीत. शाळेत गणित शिकतील, नाही शिकले तर नाही, म्हणाली, पण माझ्याकडं नको. गावातल्या मास्तरांनी थट्टा केली, "वहिनी, बिनगणिताची शाळा काढली काय?" ती म्हणाली, "व्हय, तशीच." घरातही तिनं मोजणं सोडलं. भाकऱ्या भाजून टोपल्यात ठेवायची आणि वर फडकं टाकायची. वर्गात किती पोरं आहेत असं कुणी विचारलं तर म्हणायची, "हायती की, लय हायती." धनगरांना हे पोचलं असावं, कारण हळूहळू त्यांची पोरं परत यायला लागली. नाव सांगायचं, ओरडायचं, वाचायचं, एवढंच. जी काही पोरं आज माणातल्या शाळांमधून वरच्या वर्गात बसली आहेत, त्यांतली बरीच त्या खोलीच्या भिंतीवर वाचायला शिकली. पण अक्काला त्याचं सुख झालेलं मी पाहिलं नाही. दर उन्हाळ्यात पहिलं बिऱ्हाड आलं की ती एकच विचारायची. "म्हाळूची माया कुठं हाय?"

उत्तरं यायची ती अशी. शाळेत जात नाही. फार बोलत नाही. मामाकडं ठेवलीय. मग एका वर्षी, लग्न झालं. वय काय होतं ते हिशोब करायला अक्काला कुणी सांगायची गरज नव्हती. ती दोन दिवस जेवली नाही. "तुमी केलं न्हाई हे," मी तिला म्हणाले, "तिच्या माणसांनी केलं." त्यावर ती म्हणाली, "त्यांनी लगीन लावलं गं. पर पांढऱ्या पायाची कुणी केली तिला? मीच टाळ्या वाजवल्या न्हवं." मला तिचा फार राग यायचा अशा वेळी. तिचा, त्या आजीचा, त्या ज्वारीच्या फुटव्यांचा, सगळ्यांचा. एवढ्या पोरांना हात दिला त्याचं काही नाही, आणि एकीसाठी जन्मभर जळायचं! मी तिला तोंडावर तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तुला काय, तू बोलून मोकळी हुतीस."

यंदाच्या उन्हाळ्यात ठकू स्वतः आली. म्हाळू थकलाय, कळप धाकट्या भावाकडं गेलाय, ती त्यांच्याबरोबर आली होती. बऱ्याच वर्षांनी आमच्या अंगणात बसली. अक्कानं मायाचं विचारलं तशी ती रडायला लागली. मायाचा नवरा मुंबईला टेम्पो चालवतो, माया सासूबरोबर माणातच असते. हिवाळ्यात सासूच्या शेळ्या रोगानं मेल्या. त्याच सुमाराला कुणीतरी तिला जुनी गोष्ट सांगितली, की ही तीच पोरगी, जिनं मेंढरं मोजून मारली. आता सासू तिच्या हातून उरलेल्या शेळ्यांचं दूध काढून घेत नाही. लेक गावी आला की हिला माहेरी पाठवायची, कायमची, असं चाललंय. ठकू म्हणाली, "म्हायेरी कुठं ठिवू अक्का? आमच्यात बी तिला कळपाजवळ येऊ देत न्हाईत." अक्का तिथल्या तिथं म्हणाली, मी येते. मी तिच्या सासूला सांगते. मोजायला मी लावलं, दोष माझा. मी तिला आत नेऊन डॉक्टरांनी काय सांगितलंय याची आठवण करून दिली. उन्हाळा जाऊ दे, सुभेदारांना घेऊन गाडीनं जाऊ. ती म्हणाली, "तवर तिला हाकलून देतील." मी म्हणाले, मी खंडाळ्याहून येते, मग जाऊ दोघी. ती बरं म्हणाली. अक्का बरं म्हणाली की समजायचं, ती ते करणार नाही. मी खंडाळ्याला गेले आणि ती सकाळच्या एसटीनं माणात गेली.

तेरावं झाल्यावर मी गेले. सुभेदारांना सगळं सांगितलं होतं, ते यायला निघाले होते, पण त्यांना मीच नको म्हटलं. मायाच्या सासूनं मला घरात घेतलं, पाणी दिलं. साधी बाई आहे, वाईट नाही. तिनंच सगळं सांगितलं. अक्का आली होती. अंगणात बसली, चार बायका जमल्या, त्यांच्यादेखत म्हणाली की पोरीला उभी करून मोजायला मी लावलं, देवाचा काही कोप असेल तर तो माझ्यावर, हिच्यावर नाही. चहा घेतला. फाट्यावरून गाडी धरून दहिवडीला गेली, आणि तिथं स्टँडवर... "आन लोक काय म्हणत्यात म्हाईत हाय का?" सासू म्हणाली. "जिनं हिची बाजू घिऊन कोप अंगावर वडून घितला, ती सांजपातूर ऱ्हायली न्हाई." मी तिला सांगितलं. अक्काच्या हृदयाचं, गोळ्यांचं, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती त्याचं, सगळं सांगितलं. ज्वारीचं सांगितलं. शेळ्यांच्या रोगाचं तिला माझ्याआधी माहीत होतं. ती मान हलवत होती. मग म्हणाली, "आवं, तुमचं खरं हाय. मला पटतंय बी. पर आधी मेंढरं, मग शेरडं, मग ती बाई. माजा एकुलता एक ल्योक ममईत गाडी चालवतुय. माज्या पोटातलं भ्या जाईना, त्याला मी काय करू सांगा?"

मी बोलण्यात कुणाला हार जात नाही असं आमचे हे म्हणतात. त्या दिवशी मला शब्द सापडले नाहीत. म्हणून ते इथं लिहिते आहे, कारण ही पुरवणी माणातही जाते. आमची अक्का तिच्या हृदयानं गेली. तिच्या हट्टानं गेली, आमच्या मेच्या उन्हानं गेली. त्या मुलीचा तिच्या मरणाशी काडीचा संबंध नाही. ती मुलगी कुणाला मारत नाही. इथपर्यंतच कुणी तिच्या सासूला वाचून दाखवा, पुढचं नको.

निघताना सासूनं मायाला मला फाट्यापर्यंत सोडायला पाठवलं. अक्काच्या वेळी पाठवलं नव्हतं, दारामागंच उभी केली होती. माया डोक्यावर पदर घेऊन माझ्या दोन पावलं मागं चालत होती. अंगानं अजून पोरच. मी कितीतरी बोलले, ती हूं, न्हाई, व्हय, एवढंच. फाट्यावर बाभळीच्या फाटक्या सावलीत उभ्या राहिलो. लांबून एसटी आली. माझा चष्मा पिशवीच्या तळाशी, तो हाताला लागेना, आणि आमच्या विट्याच्या गाडीची वेळ झालेली. मी हात करणार तेवढ्यात मायानं माझा हात खाली दाबला. तिच्या दुसऱ्या हाताचं बोट हवेत, गाडीवरच्या पाटीच्या दिशेनं, एकेका अक्षराखालून सरकत होतं. अक्का भिंतीवर नावं वाचून घ्यायची तेव्हा असंच बोट धरायला लावायची. "ही न्हवं काकी," ती म्हणाली, "ही म्हसवडची हाय. मायणीवरनं इट्याला जाणारी मागनं यील."

मी तिच्याकडं बघतच राहिले. "माया, तुला अजून वाचता येतं?"

तिनं झटकन बोट पदराखाली घेतलं. मागं वळून वाटेवर कुणी आहे का बघितलं. वाणसामान ज्या कागदांतनं येतं ते कागद वाचते, म्हणाली. चुलीत घालायच्या आधी. रोज. आणि मग तिनं माझा हात दोन्ही हातांनी धरला. "काकी, कुणाला सांगू नगा."

दहा उन्हाळे जिनं हे एकच ऐकायची वाट बघितली, ती काही आठवड्यांपूर्वी याच बाभळीखाली गाडीची वाट बघत बसली होती. तेव्हा माया दारामागं होती.